केवलभाऊंचं मत

"हाई काय रूप शे?" तोताराम नानांनी मोबाइल टेबलावर पालथा घातला. "मांगतून कापी टाकेल दिखस गाडी."

"कापलेली नाही, नाना. कर वाचवायला चार मीटरच्या आत बसवायची म्हटल्यावर डिकी आखूड होणारच," तेजस म्हणाला. "पुढून बघा ना! काय नजर आहे तिची!"

"नजर? माले ते ती भांडाले येल दिखस."

नशिराबादच्या अलीकडे हायवेलगत एक चहाचं हॉटेल होतं. दर रविवारी सकाळी जळगावातली काही गाडीवेडी मंडळी तिथं जमायची. तेजस दातांचा डॉक्टर. तोताराम नाना मूळचे धुळ्याकडचे शेतकरी, आता जळगावात मुलाकडे राहायचे. वडिलांची जुनी सारंग गाडी त्यांनी सोबत आणली होती. सारंग बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आता कंपनी त्याच नावाची छोटी सेडान काढत होती, आणि 'वारसा तोच, रूप नवं' अशी जाहिरात सगळीकडे झळकत होती. त्या दिवशी दुसरा विषयच नव्हता.

"भाऊंना विचारा," तेजस म्हणाला आणि मोबाइल केवलचंदांपुढे धरला.

केवलचंद चोरडियांचं जळगावात पाइप आणि मोटारपंपांचं दुकान होतं. दुकान आता मुलगा बघायचा. पण गावात कुणी गाडी घ्यायची म्हटली की आधी केवलभाऊंकडे यायचं. इंजिनाचं विचारायला नाही. त्यासाठी गॅरेजवाले होते. केवलभाऊ गाडीभोवती एक फेरी मारायचे, चार पावलं मागे सरायचे आणि सांगायचे, "ही चार वर्षांनी जुनी वाटणार नाही," किंवा "हिचं मागचं दार चुकलंय." लोक ते मानायचे. त्यांची स्वतःची करडी सारंग अजून नव्यासारखी होती.

केवलचंदांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, मान जरा तिरकी केली.

"गाडी फोटोत बघू नये," ते म्हणाले. "समोर येऊ द्या."

"बघा, हे खरं!" तेजस म्हणाला.

बाजूच्या खुर्चीवर चहा पीत बसलेल्या जतनबाईंनी नवऱ्याच्या हातातून मोबाइल अलगद घेतला आणि तेजसला परत केला. अलीकडे त्या दर रविवारी सोबत यायच्या. वाटेत पायरी असली की हळूच सांगायच्या. गुडघा दुखतो म्हणून केवलचंदांनी गाडी चालवणं सोडलंय, आता नात पलक चालवते, असं सगळ्यांना माहीत होतं. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेनं थोडं दिसत राहील, मधलं परत यायचं नाही. समोरच्या माणसाचे खांदे दिसायचे, चेहरा नाही. गाडीची चाकं दिसायची, तोंड नाही. रंगही विटल्यासारखे झाले होते. हे फक्त जतनबाईंना ठाऊक होतं.

"मुलाला तरी सांगा," त्या म्हणायच्या.

"सांगितलं की हात धरायला येतील. एकदा हात धरला, की मग कुणी काही विचारत नाही."

त्याच आठवड्यात शोरूमवाल्यांचा फोन आला. दसऱ्याच्या आदल्या रविवारी सकाळी नवी सारंग यायची होती. जुन्या सारंगवाल्यांनी आपापल्या गाड्या घेऊन यावं आणि पडदा उघडल्यावर केवलभाऊंनी दोन शब्द बोलावेत. केवलचंद सवयीनं हो म्हणाले.

घरात दोघं मारवाडीत बोलायची. पण जतनबाई जामनेरच्या, शेजारपाजार सगळा मराठी, त्यामुळे चिडल्या की मराठीवर यायच्या.

"हो कशाला म्हणालात?"

"नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं."

"आणि बोलणार काय?"

"तू सांग ना. जाहिरात बघ आणि सांग."

जतनबाईंनी पलककडून मोबाइल मागून आणला, चष्मा लावला. इतक्या वर्षांच्या संसारात कुठली गाडी कशी दिसते हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सारंग घरी आली तेव्हासुद्धा त्यांच्या हाती फक्त ओवाळायचं ताट होतं.

"पांढरी आहे. तोंड रागावल्यासारखं आहे."

"तसं नको. ग्रिल कशी आहे?"

"जाळी ना? मोठी आहे. तीन पट्ट्या आहेत आपल्या गाडीसारख्या, पण चकचकीत नाहीत. काळ्या आहेत."

"काळ्या?" केवलचंद म्हणाले. "बरं, मागून?"

जतनबाईंनी बराच वेळ बघितलं. "मागून बघितलं तर कुणीतरी घाईत दार लावून घेतल्यासारखं वाटतं."

केवलचंद हसले. मग हसू आवरून म्हणाले, "हे चांगलं सांगितलंस."

पुढचे सगळे दिवस दुपारी जेवण झालं की दोघं तेच घेऊन बसायची. दिवे कसे, काचेची रेघ मागे कुठे संपते, छत कुठून उतरतं. सुरुवातीला जतनबाई कंटाळायच्या. नंतर त्या दाराशी उभ्या राहून रस्त्यावरच्या गाड्या बघू लागल्या आणि एकदा आपणहून म्हणाल्या, "समोरच्यांच्या गाडीचं पुढचं चांगलं आहे हो, पण मागचं कुणी दुसऱ्यानंच केल्यासारखं वाटतं."

रविवारी शोरूमबाहेर जुन्या सारंग ओळीनं उभ्या होत्या. आत गर्दी, झेंडूची तोरणं, कानठळ्या बसवणारं संगीत. जतनबाई नवऱ्याच्या कोपराला कोपर लावून उभ्या होत्या. इतक्यात शोरूमचे मालक आले, "या भाऊ," म्हणून केवलचंदांना खांद्याला धरून स्टेजवर घेऊन गेले आणि जतनबाई खुर्च्यांच्या रांगेत मागे राहिल्या.

पडदा उघडला. दिवे चमकले. टाळ्या झाल्या. केवलचंदांना त्या झगमगाटात कडेनं दिसायचं तेही दिसेना. हातात माइक आला.

"नमस्कार," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "गाडी बघितली. जुन्या सारंगच्या तीन पट्ट्या यांनी ठेवल्यात, हे बरं केलं. पांढऱ्या रंगावर काळी जाळी उठून दिसते..."

खाली कुजबुज झाली. तोताराम नाना पुढेच बसले होते.

"केवलभाऊ, गाडी लाल शे ना!"

लोक हसले. भाऊंनी गंमत केली असं त्यांना वाटलं. मालकही हसले. केवलचंदांनाही हसून पुढं जाता आलं असतं. खुर्च्यांमधून वाट काढत जतनबाई येत होत्या, पण मध्ये माणसं होती.

"लाल आहे का?" केवलचंदांनी माइकमध्येच विचारलं.

हसणं थांबलं.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "डोळे गेलेत. बऱ्याच दिवसांपासून. मी जे सांगितलं ते माझं नाही, आमच्या घरातून सांगितलेलं आहे." मग त्यांनी माइक बाजूला न करता हाक मारली, "जतन! वर ये. तूच सांग."

चारचौघांत त्यांनी बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती. जतनबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. परत फिरावं असं त्यांना एकदा वाटलं. मग त्या वर गेल्या. आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मागे जरा जास्तच थांबल्या, आणि मग माइक घेतला.

"मला गाडीतलं कळत नाही," त्या म्हणाल्या. आपलाच आवाज एवढा मोठा ऐकून दचकल्या. "जुन्या सारंगमध्ये मागे सासूबाई मांडी घालून बसायच्या. डिकीत लग्नाचं सगळं सामान मावायचं. हिच्यात ते होणार नाही. पण ही देखणी आहे. या लाल रंगात जास्तच. तोंड रागीट आहे, तर आजकालची पोरं तशीच असतात. नाव तिचं दिलंय म्हणून हिला तिच्यासारखी म्हणू नका. आमच्या नातीचं नाव आमच्या सासूबाईंचं ठेवलं असतं, तरी ती सासूबाई झाली नसती."

टाळ्या कुणी सुरू केल्या ते कळलं नाही. शोरूमच्या मालकांनी घाईनं माइक घेतला आणि बुकिंगबद्दल बोलायला लागले.

खाली उतरताना तोताराम नानांनी केवलचंदांचा हात धरला. "आम्हले सांगानं ना, भाऊ," ते पुटपुटले, आणि उत्तराची वाट न बघता त्यांना हळूहळू खुर्चीकडे नेऊ लागले, लहान मुलाला नेतात तसं. केवलचंदांनी हात सोडवून घेतला नाही. मागून तेजसचा आवाज येत होता, "काकू, म्हणजे मागचं तुम्हाला पटलं की नाही? खरं सांगा." जतनबाईंभोवती आणखी दोघंतिघं जमली होती. केवलचंदांना कुणी काही विचारलं नाही. नाना त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले.

दुपारी गर्दी ओसरल्यावर पलकनं विचारलं, "दादाजी, नवी चालवून बघू का? चावी देतायत."

तिघं बाहेर आली. पलक चालकाच्या जागी बसली. केवलचंद चाचपडत पुढच्या दाराशी गेले. ही त्यांची जागा. जतनबाई आजवर कुठल्याच गाडीत पुढे बसल्या नव्हत्या. केवलचंदांनी दार उघडलं आणि धरून उभे राहिले.

"बस," ते म्हणाले.

"मी?"

"तुला दिसतं ना."

जतनबाई बसल्या. केवलचंद मागे गेले. गुडघे पुढच्या सीटला टेकले. त्यांनी हातानं छत, काच, दाराची कड चाचपून बघितली.

गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली. जतनबाई पट्टा घट्ट धरून सांगत होत्या. "उजव्या हाताला पेट्रोलपंप गेला. आता झाडं. एक ट्रक आहे पुढे, केळी भरलेला. शेतात बायका आहेत, कापूस वेचतायत. एकीची साडी पिवळीधमक आहे."

"पिवळी," केवलचंद म्हणाले.

मग चाकांचा आवाज बदलला. गिरणेचा पूल आला होता. जतनबाई बोलायच्या थांबल्या. यंदा नदीला पाणी असावं. केवलचंदांनी वाट बघितली. त्या काचेकडे वळून, सगळं विसरून बाहेर बघत असाव्यात. त्यांनी विचारलं नाही. पूल संपेपर्यंत तिला बघू दिलं.