मोसंबीचं खमीर

मला राग लवकर येतो. हे मी लपवून ठेवत न्हाई, आन् लपवलं तरी आमची गल्ली लपू देणार न्हाई. आमचे मालक धोंडप्पा दिवसभर आडतीवर हमालांच्या नावानं ओरडत असतील, पण घरात पाय टाकला की आवाज खाली. कारण घरात मी असते.

पण एक सांगते, जसा माझा राग तसाच माझा शब्द. नीलाबाईनं हो म्हणलं की हो, न्हाई म्हणलं की न्हाई. उभ्या जन्मात शब्द फिरवला तो एकदाच. तोबी एका पावापायी!

लातूर जिल्हा झाला त्या सालची गोष्ट. पंधरा ऑगस्टला झेंडे लागले, पेढे वाटले, आन् तवापासनं गावात जिकडं बघाल तिकडं नवी माणसं. कुठनं कुठनं कारकून आले, शिपाई आले, त्यांच्या बायका आल्या, ट्रंका आल्या, शिलाई मशिनी आल्या. सगळं आलं, फक्त पाऊस आला न्हाई. त्या साली ज्याच्या घरी एक खोली जास्तीची तो राजा, आन् ज्याच्या आडाला पाणी तो महाराजा. माझ्याकडं दोन्ही होतं. मग माझा तोरा काय विचारता!

खोली मी शेषेरावाला दिली. नव्या कलेक्टर कचेरीत कारकून, नांदेडहून बदलून आलेला, गरीब गाय. बायको सिंधु, सातवा महिना चाललेला, आई न्हाई, सासू न्हाई. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हे बघा, आमचं शिवभक्ताचं घर हाय. अंडं न्हाई, मटण न्हाई, आन् दारूचा तर वासबी न्हाई. पाणी दिसाला दोन घागरी."

"हाव मावशी," सिंधु म्हणली.

आडाचा दोर मी कपाटात ठेवत होते. सकाळी सातला काढायचा, साडेसातला पुन्हा कुलपात. गल्ली मला हसायची. हसू दे. आडात पाणी राहिलं ते माझ्या कुलपामुळंच.

नवरात्रात एक दिवस दुपारी मी पापड वाळवून राहिले होते आन् खोलीकडनं वास आला. आंबूस, गोडसर. माझे हातच थांबले. असा वास मी विसरीन? उठले आन् तडक खोलीत गेले. खिडकीच्या फळीवर काचेची बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं. फडकं सोडलं. आत गुळाचं पाणी, मोसंबीची सालटं, चार मनुके, आन् वर नुसते बुडबुडे.

"सिंधे! हे काय हाय?"

ती चुलीपुढनं हळूहळू उठली. "खमीर हाय, मावशी."

"खमीर? गूळ, सालटं, पाणी! हेला काय म्हणतात ते मला शिकवती का तू?"

"आवो, यानं पीठ फुगतं. नांदेडला रेल्वेच्या क्वार्टरात आमच्या शेजारी गार्डाची बायको राहायची. मोसंबी निघाली की ती गोड पाव करायची. मोसंबीची साल किसून घालायची त्यात. आईबी तिच्याकडनंच शिकली. मला तेच खावं वाटून राहिलं, मावशी. दुसरं तोंडात घालावंच वाटंना."

"डोहाळे लागले तर चिंचा खा, आवळे खा! माझ्या घरात दारू गाळायचे डोहाळे?"

"मावशी, दारू न्हाई हो!"

"एक शब्द बोलू नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खोली रिकामी पाहिजे."

हे सगळं मी खिडकीत उभी राहून बोलले. माझा आवाज म्हणजे तुम्हाला ठाऊकच. समोरच्या ओट्यावर सरजाबाई गहू निवडून राहिली होती, तिचं सूप हातातच राहिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की शेषेरावाची बायको दारू गाळती.

रात्री जेवताना मालक एवढंच म्हणले, "आधी नीट विचारायचं तरी होतं."

"विचारलं! म्हणती पावाचं खमीर हाय!"

"मग असंल."

"तुम्ही जेवा," मी म्हणलं. ते जेवले.

तुम्ही म्हणाल, बाई एवढी का तापली. ऐका. माझा धाकटा भाऊ गुरुपादप्पा, चाकूरला शेती करायचा. हसरा, लई मायेचा. एकदा मी माहेराला गेल्ते तर शेतातल्या बैलांच्या कोठ्यात असाच वास, अशीच बरणी, फक्त मोठी. मी विचारलं, "हे काय रं?" तर म्हणतो, "अक्का, बैलाचं औषध हाय." मी विश्वास ठेवला. वरनं म्हणलं, झाकण नीट लाव, माशा बसतात. तीन वर्षांत गेला. बत्तीस वर्षांचा होता. त्या दिवशी मी ती बरणी दगडावर आपटली असती तर? हा एक सवाल मी रोज विभूती लावताना स्वतःला करत होते. म्हणून म्हणते, सिंधुचं ऐकून घ्यायला माझ्याकडं कानच उरले न्हवते.

दुसऱ्याच दिवशी मी खोली मलप्पाला देऊन टाकली. मलप्पा आपल्यातला, ट्रेझरीत लागलेला, महिनाभर लॉजवर डास मारत पडलेला. मी त्याला सांगितलं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दहाला सामान घेऊन ये. नीलाबाईचा शब्द हाय." त्यानं माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

शेषेराव बिचारा कचेरी सुटली की रोज खोल्या हुडकत फिरायचा. शेवटी गावाबाहेर एक मिळाली. पत्र्याची, आड न्हाई, टँकर चौथ्या दिवशी. सातव्या महिन्याच्या बाईनं तिथं घागर घेऊन रांगेत उभं राहायचं! हे मला कळलं, आतमधी कुठंतरी टोचलंबी. पण शब्द दिला म्हणजे दिला.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी शेषेराव हातगाडा बघायला गेला आन् आठच्या सुमाराला सिंधु माझ्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"मावशी, सामान बांधलंय. एक तास द्या."

"कशाला?"

"पीठ फुगलंय. तुमच्यासमोर भाजते. तुम्ही मला दारू गाळणारी म्हणलात ना, ते पुसते आन् मगच उंबरा ओलांडते."

पोरीच्या तोंडात जीभ हाय हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हणलं, "भाज. मी बसते समोर." आन् खरंच पाट घेऊन खोलीत जाऊन बसले, हात बांधून.

बांधलेल्या ट्रंकांच्या मधोमध तिनं आपली विजेची भट्टी मांडलेली. गोल, ॲल्युमिनियमची, झाकणाला काच. आईची म्हणे. बाजूला परात, त्यावर ओलं फडकं. फडकं काढलं तर पीठ टम्म फुगून परातीच्या काठाला आलेलं. मी पीठ भाकरीचं मळलं, पुरीचं मळलं, पोळीचं मळलं, पण असं श्वास घेतल्यासारखं पीठ जन्मात बघितलं न्हवतं.

"पाणी कुठलं वापरलंस?" मी विचारलं. आडाचा हिशोब सुटतो होय!

"पाणी न्हाई. मोसंबीचा रस आन् दूध."

त्या साली मोसंबी लिंबाएवढी निघाली होती. साल जाड, रस थेंबभर, गाड्यावर कुणी हात लावंना. तिनं चार डझन आणून पिळली होती, आन् ती जाड साल किसणीवर किसून पिठात घातली होती. किसणीला लागून बोटंबी सोलवटलेली. तिनं दहा गोळे केले, तूप लावलेल्या थाळीत जवळजवळ ठेवले, वरनं दुधाचा हात फिरवला, भट्टीत सरकवले. मग आम्ही दोघी काचेतनं बघत बसलो.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. गोळे वर येऊन एकमेकांना चिकटायला लागले. मी जरा पुढं वाकले. आन् लाईट गेली.

सिंधु बटन दाबती, पुन्हा दाबती. मग भट्टीला हात लावून तशीच खाली बसली आन् हमसून रडायला लागली. "गेलं, मावशी. थंड झालं की बसतं ते. आता दगड होतील."

खरं सांगते, मला तिच्यावर उपकार करायचे न्हवते. मला बघायचं होतं. त्या गोळ्यांचं पुढं काय होतं ते अर्ध्यावर सुटलं असतं तर मी मरेपर्यंत ते मनात तसंच राहिलं असतं. मी पाटावरनं उठले.

"रडू नको! हलूबी नको तू. झाकण उघडू नको तवर."

माझी चूल पेटलेलीच होती, वरणाची डाळ शिजून राहिली होती. डाळ उतरवली. मोठं पातेलं चढवलं, तळाला वाळू पसरली, लाकडं सारली. वाळू तापायला वेळ लागला तेवढ्यात माझा जीव वरखाली. मग पदर खोचला, फडक्यानं थाळी उचलली आन् खोलीतनं चुलीपर्यंत अशी चालले, अशी चालले, लग्नात वरातीपुढं आरती घेऊनबी मी एवढ्या जपून चालले न्हवते. मागनं सिंधु म्हणून राहिली होती, "धक्का लावू नका मावशी, धक्का लावू नका."

"गप गं, मला धक्का बसतोय तुझ्या बोलण्याचा!"

थाळी पातेल्यात बसवली, वर लोखंडी तवा झाकला, तव्यावर निखारे ओतले. माझी आई सणाला असंच करायची, खाली जाळ, वर निखारे. आता आम्ही दोघी चुलीपुढं. वीस मिनिटं गेली असतील. आन् मग वास आला.

पहिल्यांदा तूप. मग भाजलेलं पीठ. मग मोसंबी, अशी की बागेतनं हिंडून आल्यागत वाटलं. आंबूसपणाचा कुठं मागमूस न्हाई. मी निखारे सारले, तवा उचलला. दहाच्या दहा पाव फुगून लालबुंद झालेले, एकमेकाला खेटून बसलेले. एखाद-दुसरा जरा करपला होता, ती माझी चूल हाय, तिलाबी माझा स्वभाव लागलाय.

सिंधुनं पहिला पाव तोडला, फुंकला आन् माझ्या हातावर ठेवला. स्वतः खाल्ला न्हाई. डोहाळे तिचे, आन् पहिला मला. मी एक घास घेतला. मऊ, गोड, मधनंच सालीचा कडवट कण. गुरुपादप्पाच्या येळेला मी विश्वास ठेवून चुकले, आन् या पोरीच्या येळेला न ठेवून चुकले. दोन्ही येळेला बरणीत नीट बघितलंच न्हाई मी.

"खा गं," मी म्हणलं. "तू खा आधी."

तेवढ्यात दारात टांग्याच्या घुंगराचा आवाज. मलप्पा! सोबत गादी, कंदील, दोन ट्रंका. दहा वाजले होते, माणूस घड्याळाचा पक्का. "मावशी, सामान उतरवू?"

सिंधु चुलीपुढनं उठायला लागली. ट्रंका बाहेर काढाव्या म्हणून. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आन् बाहेर आले. समोर सरजाबाई ओट्यावर होतीच. तिच्या शेजारी अजून तिघी. मालकबी आडतीवर जायला निघालेले, टोपी हातात.

"मलप्पा, खोली रिकामी न्हाई," मी म्हणलं.

"आवो, शब्द दिलता तुम्ही!"

"दिलता. आता फिरवते."

मालकांची टोपी हातातच. मी आवाज उलट चढवला. बदनामी मोठ्यानं केली होती, मग ती पुसायची कुजबुजत होय? "ऐका गं सगळ्या! या पोरीनं दारू गाळली न्हाई. पाव केले. मी न बघता बोलले, गल्लीभर बोलले. चूक माझी हाय. सिंधु कुठं जाणार न्हाई. तिचं बाळंतपणबी हितंच होणार."

आतनं रडल्याचा आवाज आला. या येळेचं रडणं निराळं होतं, ते बायकांना बरोबर कळतं.

"मग मी कुठं जाऊ?" मलप्पा म्हणला. तोंड एवढंसं झालेलं.

"शेषेरावानं गावाबाहेर खोली धरलीय, ती तू घे. टँकर चौथ्या दिवशी येतो. मधल्या दिवसांत हितनं एक घागर नेत जा. आन् हे घे." मी त्याच्या हातावर गरम पाव ठेवला.

त्यानं रागानंच तोंडात घातला. चावला. थांबला. "मावशी," तो म्हणला, "अजून एक मिळंल का?"

त्या दिवसापासनं आडाचा दोर कपाटात गेला न्हाई. आडाच्या रहाटावरच राहिला. सिंधुला पौषात मुलगी झाली, माझ्याच न्हाणीत न्हाली. तीन वर्षांनी शेषेरावाची बदली झाली तवा सिंधुनं खमीराची अर्धी बरणी एका बाटलीत ओतून मला दिली. म्हणली, "मावशी, आठ दिवसांनी थोडा गूळ घालत जा, मरणार न्हाई."

मेलं न्हाई. दोराच्या जागी आता ती बाटली हाय. नीलाबाईच्या कपाटात बाटली हाय हे सगळ्या गल्लीला ठाऊक हाय, आन् कुणी फिदीफिदी हसलंच तर मी झाकण काढून त्याच्या नाकापुढं धरते. वास तोच हाय, चाकूरच्या कोठ्यातला. दर साली दसरा झाला, मोसंबी निघाली की मी ती बाटली काढते. गुरुपादप्पा आठवतो. मी डोळे पुसते, साल किसायला घेते, आन् पहिला पाव त्याच्या नावानं बाजूला ठेवते.