नववी ब, तिसरा तास

महाराष्ट्राची संस्कृती बुडणार, हे ठरलं होतं. म्हसवडजवळच्या आमच्या गावात ती शुक्रवारी, नववी ब च्या वर्गात, तिसऱ्या तासाला बुडणार होती. त्या तासाला पल्लवीबाई एचआयव्ही कसा टाळायचा ते शिकवणार होत्या.

"एका पालकाची जरी तक्रार आली, तरी विषय बंद," असं मुख्याध्यापकांनी बाईंना बजावलं होतं. तक्रार घेऊन दादासो आले, सोबत आणखी सहा पालक.

"आवं बाई, पोरांपुढं असलं बोलायचं न्हाई."

"आधी ऐका, मग बंद पाडा," म्हणत बाईंनी सातही जणांना मागच्या बाकांवर बसवलं.

एकत्र जेवल्यानं एचआयव्ही होत नाही, असुरक्षित संबंधांतून होतो, दुसऱ्याची वापरलेली सुई टोचल्यानं होतो, असं बाई सांगत गेल्या. कंडोमपाशी मात्र त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

"बाई, लग्नाआधी दोघांचीबी तपासणी केली तर?" दादासोंच्या लेकीनं, राणीनं उभं राहून विचारलं.

"करावीच," बाई म्हणाल्या.

मागं दादासो उठले. बाईंच्या हातातला खडू थांबला.

"बाई," दादासो म्हणाले, "ते कंडोमचं जरा मोठ्यानं सांगा. मागं काय ऐकू आलं न्हाई."