नवसाची गर्ट्रूड

मित्रांनो, मी एक जुनं नाव आहे. मुलीचं नाव, म्हणून बाईसारखीच बोलते. मला गर्ट्रूड म्हणतात.

कित्येक शतकांपूर्वी, आजच्या जर्मन लोकांच्या पूर्वजांमध्ये माझा जन्म झाला. दोन शब्द जोडून नाव करायची त्यांची रीत. माझ्यात एक भाला आहे आणि एक बळ आहे. तान्ह्या मुलीच्या हाती भाला कशाला, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. पुढे मठात प्रार्थना करणाऱ्या साध्वींनाही मीच मिळाले. आता लढायचं की जप करायचा? कुणी सांगितलं नाही.

इंग्लंडात एके काळी माझं फार कौतुक झालं. मग लोक म्हणू लागले, हे तर म्हाताऱ्यांचं नाव. फिरत फिरत गोव्यातल्या एका आजीची झाले आणि तिच्या नातीची. ही नात अबुधाबीत नर्स आहे.

दुबईहून अबुधाबीला आलेल्या मृणालिनीताईंना तिच्याच इस्पितळात दिवस भरण्याआधी मुलगी झाली. बाळ रडेना. ताई रोज जप करणाऱ्या. त्यांनी डोळे मिटून नवस बोलला, की जिच्या हातात बाळ रडेल, तिचंच नाव बाळाला ठेवीन. या नर्सच्या हातात बाळ रडलं. मग त्यांनी तिचं नाव विचारलं.

यजमान दत्तप्रसाद म्हणाले, "अगं, आधी नाव विचारायचं, मग नवस बोलायचा."

"बाळ निळं पडत होतं हो. तेव्हा विचारत बसू?"

थोरली लेक इरा म्हणाली, "नो वन विल कॉल हर दॅट, आई." पुण्याहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बजावलं, की आपल्या घरात असलं नाव चालायचं नाही, देव समजून घेतो. पण नवस मोडला आणि लेकीला काही झालं तर? या धास्तीने ताईंचं जपात लक्ष लागेना.

दुबईत इंटरनॅशनल सिटीतल्या त्यांच्या घरी बारसं ठरलं. नर्स सुट्टी काढून बसने आली. सगळं ऐकून ती ओशाळली. "भाभी, ये नाम मत रखो. स्कूल में इसी पे रोती थी मैं. मुझे सब ट्रूडी बोलते हैं."

म्हणजे माझ्या माणसालाच मी नको होते. मी पार गोंधळले.

या लोकांत बाळाला एकदम चार नावं ठेवतात. देवाचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि हाक मारायचं. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने ती लिहितात. ताईंनी हाक मारायचं नाव लिहिलं, शुभ्रा. फोनवर सासूबाई खूश झाल्या. मग ताईंनी वरच्या ओळीत, देवाच्या नावाच्या जागी, मला लिहिलं.

"हे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, त्या दिवशी देव हिच्याच हातांनी आला. मग इथे दुसरं काय लिहू?"

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या होती पुण्यात. फोनमधून सासूबाईंचा आवाज आला, "मग आत्याबाई, वाका ना. कानात नाव कोण सांगणार?"

आत्याबाई म्हणजे आपणच, हे उमगायला नर्सला क्षणभर वेळ लागला. मग तिने पाळण्यात वाकून मला पूर्ण उच्चारलं.

मित्रांनो, मी कुठली, कुणाची, देवाच्या जागी बसून काय करायचं, मला अजून कळलेलं नाही. पण एखादं नाव विचित्र वाटलं तर हसू नका. ते घेऊन कुणीतरी कुणासाठी हात जोडलेले असतात.