शिडीपाशी लाल ठिपका

पंपघर अजून बांधलेलं नव्हतं, पण ती रोज त्यात जाऊन यायची. घरातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून माऊस फिरवला की जमिनीखालची ती खोली स्क्रीनवर उभी राहायची. पंप, जाडजूड पाइप, जिना, आणि जिन्याची वाट बंद झालीच तर वर पळायला भिंतीला लावलेली लोखंडी शिडी. टीममधली माणसं वेगवेगळ्या गावांत बसलेली, पण सगळी एकाच वेळी त्याच मॉडेलमध्ये वावरत. पाइपवाला पाइप टाकायचा, वीजवाली केबल ओढायची आणि हिचं काम सगळ्यांच्या कामात खोट काढायचं. सुरक्षा तपासणी म्हणतात त्याला. टीममध्ये तिला सगळे 'सासू' म्हणायचे आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे.

खोट सापडली ती शिडीपाशी. पाइपवाल्याने नवा पाइप शिडीसमोरून आडवा नेला होता. पाइप आणि भिंत यांच्यात फट उरली पस्तीस सेंटिमीटर. तिने त्या जागी लाल ठिपका टाकला आणि खाली लिहिलं, 'खाली गॅस साचला तर पाठीवर ऑक्सिजनची टाकी घेतलेला माणूस इथून निघणार नाही. पाइप हलवा.'

संध्याकाळी बघते तर ठिपका हिरवा. मुख्य डिझायनर साहेबांनी 'प्रश्न सुटला' म्हणून तो बंद केला होता. पाइप होता तिथेच. तिने ठिपका पुन्हा उघडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवा. या खेपेला साहेबांनी पुरावा जोडला होता. मॉडेलमध्ये मापासाठी उभा करतात तो पुतळा त्या फटीतून सुखरूप बाहेर पडताना दिसत होता. तिने पुतळ्याची मापं उघडून बघितली आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, पुतळा महिनाभर उपाशी होता का?"

"म्हणजे?"

"इतका बारीक माणूस मी जन्मात पाहिला नाही. टाकीही काढलीय पाठीवरची."

साहेब वाईट नव्हते. दमलेले होते. "अगं, पाइपची ऑर्डर गेलीय. आता मार्ग बदलायचा म्हणजे सगळं मुळापासून. आणि त्या शिडीवर चढायची वेळ कोणावर येणारे?"

"मग शिडी कशाला ठेवलीय? शोभेला?"

"उद्या गिऱ्हाइकासमोर शेवटची बैठक आहे. सगळ्यांचं 'मंजूर' हवंय. तुझंसुद्धा."

"माझं मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉडेल उघडलं तर ठिपका टाकायचं बटणच गायब. 'मंजूर'चंही. तिला आता फक्त बघायची परवानगी होती. मंजुरीच्या रकान्यात तिच्या जागी साहेबांनी स्वतःला घातलं होतं.

तिला चीड आली. बटण काढून घेतलं म्हणजे डोळेही काढून घेतले, असं यांना वाटतंय की काय? ती उठली, फूटपट्टी घेतली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन कपाट ढकलायला लागली.

"आज काय, आवराआवर?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, पंपघर."

तिचे धाकटे दीर ट्रक चालवायचे, अंगाने चांगले आडवे. आज सुट्टी म्हणून पेपर वाचत बसले होते. तिने कपाट आणि भिंत यांच्यात मोजून पस्तीस सेंटिमीटर फट ठेवली, प्रवासाच्या सॅकमध्ये उशी कोंबली आणि त्यांच्यापुढे धरली.

"भाऊजी, बोलावलं की ही पाठीला लावून त्या फटीतून यायचं."

दिरांनी फटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "वहिनी, माझ्यावर कसला राग काढताय?"

बैठक सुरू झाली. पडद्यावर चेहऱ्यांचे चौकोन. गिऱ्हाइकाकडून पंपघर चालवणाऱ्या प्रमुख बाई आल्या होत्या. साहेबांनी सगळ्यांना मॉडेलमधून फिरवलं. शिडीपाशी आले तसा त्यांनी वेग वाढवला.

"इथे थांबा," ती म्हणाली. बटणं गेली होती, पण माईक चालू होता.

"तुमची शंका निकालात निघालीय," साहेब म्हणाले.

"निघालेली नाही. बुजवलीय. शिडीपाशी फट पस्तीस सेंटिमीटरचीच आहे, तेवढीच घरात ठेवून दाखवते."

तिने लॅपटॉप उचलून बाहेरच्या खोलीत नेला, कॅमेरा कपाटाकडे वळवला आणि दिरांना बोलावलं. दीर अंग तिरपं करून फटीत शिरले. खांदा गेला, अर्धं पोट गेलं आणि सॅक अडकली. त्यांनी जोर लावला. कपाट करकरलं. मागेही येता येईना.

"आई, जरा ओढ गं," ते म्हणाले. सासूबाईंनी त्यांचा दंड धरला.

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. त्या खोलीत उजेड होता, हवा होती, ओढायला आई होती. खाली यातलं काहीच नसणार, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

"बंद करा हा तमाशा," साहेब म्हणाले.

तेवढ्यात मॉडेलमध्ये शिडीपाशी लाल ठिपका उगवला. टाकणाऱ्याचं नाव पाइपवाल्याचं. सगळं काम त्यालाच पुन्हा करावं लागणार होतं. "सासू बरोबर आहे," तो घसा खाकरत म्हणाला. "मला आधीच दिसलं होतं. मी हलवतो पाइप." त्याच्याखाली वीजवालीने दुसरा ठिपका टाकला.

प्रमुख बाईंनी चष्मा काढला. "त्या खोलीत माझी माणसं उतरणार आहेत. पाइप हलल्याशिवाय मी सही करणार नाही."

पाइप हलला. काम लांबलं, ऑर्डर बदलावी लागली आणि वरच्यांची बोलणी साहेबांना खावी लागली. तिलाही सोडलं नाही. गिऱ्हाइकासमोर कंपनीची शोभा केली म्हणून माफीनामा मागितला. तिने लिहून दिलं, 'घरातलं कपाट हलवल्याबद्दल मी सासूबाईंची माफी मागितली आहे. आणखी कोणाची मागण्यासारखं काही घडलेलं नाही.'

मग तिला पंपघरावरून काढून एका गोदामाच्या कामावर टाकलं. नुसत्या मांडण्या आणि रॅका; तिथे हिला काय सापडणार, असा हिशेब असावा.

"नोकरी राहिली ना?" सासूबाईंनी विचारलं.

"राहिलीय अजून."

"मग झालं तर."

पहिल्याच दिवशी तिने गोदामाचं मॉडेल उघडलं आणि संकटकाळी बाहेर पडायच्या दारापर्यंत माऊसने चालत गेली. दारासमोर कोणीतरी रॅक उभी केली होती. नव्या साहेबांनी बैठकीत विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय?"

तिने माईक चालू केला.