फिकट रेघा

मित्रांनो, मी एक जुना चपटा ब्रश आहे. जुन्या वस्तूंनी कोपऱ्यात गप्प पडून राहावे म्हणतात. मला ते कधीच जमले नाही. आत्ताही खिडकीतल्या बरणीत उभा आहे, पण जीव सारखा रंगाकडे ओढ घेतो.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने राठ केसांचा झुबका निवडला, पत्र्याच्या पट्टीत घट्ट आवळला आणि त्याला लाकडी दांडा जोडला. दुकानात धूळ खात असताना एका चित्रकार बाईने मला तळहातावर घासून पाहिले आणि घरी नेले.

वाटले, आता डोंगर काढू, घोडे काढू! तिने मला निळसर राखाडी रंगात बुडवले आणि कॅनव्हासवर बोटभर उभी रेघ मारली. शेजारी दुसरी. मग तिसरी. झाले! वर्षानुवर्षे तेच. तिची थोरली बहीण त्याच घरात राहायची. ती दारातूनच म्हणायची, "अगं, एवढ्या रेघांत सगळं घर रंगवून झालं असतं!"

"मग तुला दिवसभर भिंतीच बघाव्या लागल्या असत्या, ताई," धाकटी मान न वळवता म्हणायची.

मीही आधी कंटाळलो. मग लक्षात आले की एकदा बुडवल्यावर रंग पुरता संपेपर्यंत ती मला पुन्हा बुडवतच नाही. पहिली रेघ गडद, पुढची जरा कमी, सातवी-आठवी तर नुसती सावली. मग पुन्हा गडद. लांबून पाहिले की चित्र श्वास घेत आहे असे वाटे. लोक येऊन त्याच्यासमोर गप्प उभे राहत, तेव्हा माझी मान ताठ होई.

एकदा भिंतीएवढे चित्र हाती होते. दोन दिवसांनी प्रदर्शनाचा टेम्पो येणार होता आणि खालचा भाग कोराच होता. त्यातच धाकटीचा खांदा आखडला. ती डॉक्टरकडे गेली आणि ताईला तिची दया आली.

"बिचारीचा रंगच पुरत नाही," असे पुटपुटत तिने मला उचलले आणि रंगवून झालेल्या शेवटच्या काही ओळींतली फिकट रेघ न् रेघ गडद करून टाकली. मी आतल्या आत तडफडत होतो, पण मला कुठली वाचा! तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेले. मला ओल्याचिंब केसांनी तसेच टेबलावर टाकून ताई धावली, ती तिकडेच रमली. रंग माझ्या मुळांशी वाळून दगड झाला.

धाकटी परतली. चित्रापुढे थांबली.

"ताई, हे काय केलंस?"

"पुसट होत्या, त्या भरून दिल्या. चुकलं का?"

"अगं, तो त्या ओळींचा श्वास होता. बंद केलास तू."

ताईचा चेहरा उतरला. "पुसता येईल ना?"

"वाळला की हा रंग निघत नाही. टेम्पोला नाही सांगते."

ताईने मला कोमट पाण्यात धरले, साबण लावला आणि नखाने एकेक केस सोडवत बसली. निम्मे केस सुटले. निम्मे कायमचे ताठ राहिले.

धाकटीने मला नुसते अजमावून पाहिले. रंग आता माझ्यात टिकेना. तीन-चार रेघा, की कोरडा! पुन्हा बुडवा, पुन्हा कोरडा. पण टेम्पोला नाही सांगायलाही ती जागची उठली नाही. दुखऱ्या खांद्याने पुढची ओळ भरू लागली, मग त्याखालची.

चित्र पुरे झाले तेव्हा ताई समोर उभी राहिली. तिची नजर वरून खाली आली: वर संथ, मध्ये तिच्या दाट ओळी, आणि त्यांच्याखाली भराभर, तुटक.

"जिना चढून आल्यासारखी धाप लागते गं बघताना," ती म्हणाली.

"ताई, असं चित्र मला आधी कधी जमलं नव्हतं," धाकटी म्हणाली. "पण म्हणून पुन्हा ब्रश वाळवू नकोस हं!"

चित्र टेम्पोतून गेले. दोघीही त्याच्यासोबत प्रदर्शनाला गेल्या.

मित्रांनो, कुणाचे फिकट दिसले म्हणून लगेच गडद करायला धावू नका, आधी विचारा. आणि काम झाले की आम्हाला तिथल्या तिथे धुवा. मी आता तीन-चार रेघांचा धनी आहे. तेवढ्याही मला अजून मारायच्या आहेत.