मेहमानाचं फिकं पाणी

आमच्या प्रयोगात पाणी फिकंच व्हायला हवं होतं, आणि हे तिच्या आजीला, दादींना, समजावून सांगायचं काम माझ्या मैत्रिणीचं, अफ्रीनचं होतं. आधीच सांगून ठेवते, नंतर वाद नको.

चहात टाकायची शुगरफ्री गोळी पोटातून बरीचशी जशीच्या तशी बाहेर पडते आणि नाल्यावाटे नदीत जाते. ती पाण्यातून काढायला आम्ही दोघींनी कोळसा केला होता. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, आमच्या केदारखेड्याच्या शेतातल्या, भट्टी अफ्रीनच्या भोकरदनच्या अंगणात. वाफ देऊन भाजला की कोळशाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात आणि गोळीचा गोडवा त्यांत अडकून बसतो.

आमच्या कॉलेजचे राजानंद सर भट्टी बघायला जालन्याहून येणार होते. त्यांनी हो म्हटलं तरच आम्ही विद्यापीठाच्या प्रदर्शनाला जाणार होतो, आणि मला जायचंच होतं! गोळ्यांचं पाणी कोळशातून गाळून आम्ही तांब्यात ठेवलं. चाखलं, बिलकुल फिकं. मग खुशीत सरांना आणायला बसस्टँडवर गेलो.

सरांनी घोट घेतला.

"गोड आहे," ते म्हणाले.

मी चाखलं. नुसतं गोड? बासुंदी बरी! अफ्रीनचे डोळे भरून आले.

तिच्या दादी, कमरुन्निसा, दारातून म्हणाल्या, "मीच टाकल्या गोळ्या. एकदम फिकं व्हतं! मेहमानाला असं शरबत देतेत का? साखर न्हाई टाकली, सरांना शुगर असंल तर?"

"दादी, ते फिकं करायला आम्ही महिनाभर धूर खाल्ला!" मी ओरडलेच.

सर हसू दाबत म्हणाले, "हेच पाणी आता माझ्यासमोर गाळा."

कोळसा एकदा वापरलेला, त्यात दादींचा हात सढळ. पाणी थेंब थेंब गळत होतं आणि मी नखं खात होते. पेला भरल्यावर सरांनी तो दादींपुढे धरला.

"तुम्हीच चाखा. आमचा भरवसा तुमच्या जिभेवर."

दादींनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हाय अल्ला! फिरून फिकं! माझ्या समद्या गोळ्या खाल्ल्या की ह्या कोळशानं!"

मी आणि अफ्रीन एकमेकींच्या गळ्यात पडलो.

"प्रदर्शनाला या," सर म्हणाले, "आणि दादींना घेऊन या."

"येते की," दादी म्हणाल्या, "पन गोळ्या मीच टाकनार."