पाटीमागचं कडं

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानाबाहेर, कमरेच्या उंचीवर, दगडी भिंतीतून एक जाड लोखंडी कडं बाहेर आलेलं तुम्ही पाहिलं असेल. तेच मी. जुना आहे, गंजलेला आहे, पण कान अजून शाबूत आहेत. माझ्या एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला आणि समोर वाकड्यातिकड्या लावलेल्या दुचाकी. समुद्र इथून इतका लांब की तिथे जायला बस धरावी लागते. तरीही मला घडवलं ते होड्या बांधण्यासाठी. हसू आलं ना? येऊ द्या. यावर पुष्कळ जण हसलेत. त्या हसण्यापायी एका म्हाताऱ्या बाईवर काय वेळ आली, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

मला घडवणारा लोहार तोंडाचा फटकळ आणि हाताचा नेमका होता. त्याने जाड सळई भट्टीत लाल केली, ऐरणीवर वाकवली आणि दोन्ही टोकं ठोकून एकजीव केली. मग एका गवंड्याने धक्क्याच्या दगडात भोक पाडलं, मला अडकवणारी मेख आत बसवली आणि वरून वितळलेलं शिसं ओतलं.

"टिकेल ना रे तुझं हे कडं?" गवंड्याने विचारलं.

"तुझा दगड टिकला तर माझं लोखंड टिकेल," लोहार म्हणाला.

दोघेही बढाईखोर होते, पण दोघांचंही बोलणं खरं ठरलं.

तेव्हा ही भिंत म्हणजे धक्का होता. माझ्या खाली दगडी पायऱ्या पाण्यात उतरत आणि भरतीच्या वेळी लाटा थेट माझ्या अंगावर येत. समोरच्या काठावर निम्मं शहर राहायचं. पूल नव्हता. इकडून तिकडे जायचं तर होडीशिवाय गत्यंतर नाही. म्हणून सगळं शहर माझ्यासमोरून ये-जा करायचं. पलीकडे कुणी अडलं की सुईण धावत यायची आणि होडीत पाय ठेवायच्या आधीच "चला, चला" म्हणून ओरडायची. मास्तर जायचे, भाजीवाल्या जायच्या, एकदा एक भलंमोठं कपाट उभ्याउभ्या गेलं. एक कारकून होता. त्याला पाण्याची इतकी भीती की तो आयुष्यभर होडीच्या मधोमध डोळे मिटून बसला. त्याला समोरचा काठ माहीत होता, इकडचा माहीत होता, मधला समुद्र मात्र त्याने कधी पाहिलाच नाही.

माझ्याशी ज्याची होडी बांधली जायची तो नावाडी अबोल माणूस होता. त्याची मुलगी त्याच्या अगदी उलट. ती धक्क्यावरून इतकी तुरुतुरु पळायची की सगळे तिला खारूताई म्हणायचे. होडी काठाजवळ आली की बाप दोर फेकायचा आणि ती तो झेलून माझ्यातून ओवायची. ओल्या दोराने तिचे तळवे सोलून निघायचे, पण ती दुसऱ्या कुणाला दोराला हात लावू द्यायची नाही. बाप गाठ ओढून पाहायचा, मला थोपटायचा आणि म्हणायचा, "हे आहे म्हणून मी घरी बिनघोर झोपतो." एवढं कौतुक माझं नंतर कुणी केलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या वेळी माझा ऊर भरून यायचा.

मग भराव आला. आधी दगडांच्या गाड्या आल्या, मग मातीच्या, मग पाडलेल्या घरांच्या विटांच्या. दिवसेंदिवस पाणी मागे सरत गेलं. पायऱ्या बुजल्या. नावाड्याची होडी चिखलात एका कुशीवर कलंडली. तरी तो रोज सकाळी यायचा, दोर ओढून पाहायचा, सैल वाटला तर घट्ट करायचा. होडी कुठे जाणार होती? पण त्याला ते कोण सांगणार! एके दिवशी ती होडी मोडून लाकडाच्या भावाने गेली. दोर मात्र तो माझ्यातच ठेवून गेला. पुढे तो दोर कुजून गळून पडला.

आता भरावावर रस्ते आहेत, बँका आहेत, दवाखाने आहेत. ज्या साहेबांनी भराव घातला त्यांचा चौकात पुतळा आहे. ज्यांनी त्याआधी सगळ्या शहराला पार नेलं, त्यांच्या नावाने साधा बाकसुद्धा नाही. मी तक्रार करत नाही, फक्त सांगतो.

माझेही दिवस फिरले. कुणी मला शेळी बांधली. ती दिवसभर भिंतीवरचे कागद खायची. मग इथे छत्र्या दुरुस्त करणारा आला आणि त्याने ताडपत्रीची दोरी माझ्यात अडकवली. पोरांनी सायकली साखळीने बांधल्या. शेवटी त्या छत्रीवाल्याने दुकान वाढवलं आणि माझ्यावर उभी लाकडी पाटी ठोकून टाकली. झालं! माझ्यासमोर अंधार. तो गेला, शिंपी आला, त्याने तीच पाटी नव्याने रंगवली. तिच्यामागे मी आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. एकीला सोडून.

खारूताई लग्न होऊन दूर गेली होती. तिचा मुलगा मोठा होऊन बसचालक झाला आणि त्याने नेमकं याच गल्लीच्या मागे घर घेतलं. तो जन्मला तोवर इथलं पाणी कधीच बुजलं होतं. आई त्याच्याकडे राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी पाटीवर एक हात टेकला. लाकडाच्या आडून मला दिसलं काही नाही, पण तो हात मी ओळखला. मग ती रोज येऊ लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "इथपर्यंत समुद्र होता. माझ्या वडिलांची होडी इथे लागायची." लोक हो ला हो म्हणायचे आणि चार पावलं पुढे जाऊन हसायचे.

एकदा तिचा मुलगा शिंप्याकडे आला.

"मास्तर, आई इथे येते का हो?"

"रोज येतात. पाटीवर हात ठेवून उभ्या राहतात. म्हणतात, हिच्यामागे कडं आहे."

"आहे का?"

"मला काय ठाऊक? पाटी माझ्या आधीची. मी नुसता रंग फासला."

मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "शेजारच्या काकू मला विचारतात, सापडला का रे तुझ्या आईला समुद्र? लाजेने मान खाली जाते हो. भराव चौकाच्या पलीकडे घातलाय, हे शाळेतलं पोरही सांगेल. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवतोय तिला. तोवर एकटीला बाहेर सोडणार नाही."

मी मागे बसून ओरडत होतो. पण लोखंडाला कुठला आवाज!

ती आली तेव्हा तो तिथेच होता. "आई, पुरे आता. चल घरी."

"या पाटीमागे आहे रे ते. एकदा काढून तरी बघा."

"आई, लोकांची दुकानं मोडत फिरू का मी?"

पाटीवरचा तिचा हात निघाला. मग ती म्हणाली, "खरंच का रे मी मनाने रचलं हे? मग तुझ्या आजोबांचा चेहरा आठवतो, तो तरी खरा का?"

तो तिचा दंड धरून तिला घेऊन गेला, हे नंतर शिंप्याच्या तोंडून ऐकलं. त्यानंतर पाटीवर हात टेकला नाही.

पण तेवढ्यात शिंप्याने दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला नवी फरशी लावायला काढली. मिस्त्रीने पाटीचे खिळे उपसले आणि कितीतरी वर्षांनी माझ्यावर ऊन पडलं. मिस्त्रीला आनंद वगैरे झाला नाही. "हे काय मधेच? फरशी सपाट बसायची नाही. कापून टाकतो," असं म्हणून त्याने यंत्र हातात घेतलं.

"काप," शिंपी आतून म्हणाला. मग सहज बाहेर डोकावला आणि जागीच थबकला. "ए, थांब! हात लावू नकोस त्याला!"

"अहो, पण फरशी..."

"नाही बसली तर राहू दे!" गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून तो गल्लीच्या मागे पळाला. शिंपी पळताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

खारूताई आली. मागोमाग मुलगा, गणवेशातच, ड्यूटीवर निघालेला. तिने डोळे मिटले आणि माझ्यातून हात घातला. हात म्हातारा झाला होता, पण शिरला तो त्याच बाजूने.

मुलाने मला चाचपलं. यंत्रांशी संबंध असलेला माणूस तो, त्याची बोटं एका जागी अडखळली. "आई, हे एकाच बाजूने झिजलंय. खोबण पडलीय इथे."

"दोराने," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांच्या."

तो बराच वेळ त्या खोबणीवरून बोट फिरवत राहिला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "दोर कसा ओवायचीस?"

मिस्त्रीकडे परांचीचा दोर होता. तिने तो मुलाच्या हातात दिला. "इकडून घाल. आता वळवून घे. अरे, असा नाही, गाठ सरकेल! हां, आता ओढ. जोर लावून ओढ." तो ओढू लागला. ओढताना एक पाऊल मागे गेला, मग दुसरं.

"मागे बघ!" ती एकदम ओरडली. "पाण्यात पडशील!"

मिस्त्रीला हसू फुटलं. मुलाला नाही. मित्रांनो, भर गल्लीत, दुचाकींच्या गर्दीत, तो बसचालक मागे वळला, त्याने खाली पाहिलं आणि पाऊल झटकन उचलून माझ्या बाजूला घेतलं. आईने त्याचा दंड घट्ट धरून ठेवला.

डॉक्टरांकडे ती गेली, पण गुडघ्यांसाठी. फरशीला मिस्त्रीने कुरकुरत गोल भोक पाडलं आणि त्यातून मी बाहेर राहिलो. शिंप्याने एकदा माझ्यावर इस्त्रीचा कोट टांगला होता. खारूताईने डोळे वटारले, तेव्हापासून काही टांगत नाही. आता मुलगा सुट्टीच्या दिवशी तिच्यासोबत येतो, आणि ती त्याला सांगते की तुझी बस जिथे वळते तिथे आम्हाला वल्ही मारताना दम लागायचा.

मित्रांनो, माझ्यासाठी फार काही करू नका. अधूनमधून कुणी तेलाचा हात फिरवला तरी मी खूश आहे. पण तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस म्हणालं की इथे पूर्वी पाणी होतं, तर हसू नका आणि लगेच त्याला घरातही बसवू नका. जवळ जाऊन एवढंच विचारा, "कुठपर्यंत?"